नाचणाऱ्याचं डोकं

४ सप्टेंबर

नाही म्हणाली. तीही हसत हसत – त्याचाच जास्त संताप आला.

नव्या दालनाच्या दाराशी पाटी लागणार आहे, एकतीस वर्षांपूर्वीच्या खोदकामावर राबलेल्या गड्यांची. बावीस नावं. त्यात माझ्या बापाचं, लाम्ब्रोस मुकादमाचं, नाव नाही. मिर्सीनी – आमच्या म्युझियमची नवी प्रमुख, माझ्या भाचीच्या वयाची – म्हणते, "स्तमाताबाई, जुन्या कागदात अजून 'खापर गहाळ, मुकादमाला कमी केलं' असंच आहे. मी तरी काय करू?"

काय करू म्हणे! ज्याने दालनातला तो जुना ग्रीक प्याला बोटांनी माती सारून वर काढला त्याचं नाव नको. ज्याने नुसती ढकलगाडी लोटली त्या थानासिसचं मात्र हवं.

६ सप्टेंबर

प्याल्यावर आज शेवटचा हात फिरवला. दोन कानांचा, उथळ. आत तळाशी नाचणारा माणूस – पिऊन तळ गाठला की दिसावा म्हणून आतून काढलेला. पाय आहेत, हात आहेत. डोक्याच्या जागी मी भरलेलं प्लास्टर. एकतीस वर्षं तो पांढरा डाग बघतेय.

डोकं सापडलं होतं. चौदा ऑगस्टच्या सकाळी, चौथ्या चरात. दाढीवाला, कानामागे वेलीचं पान, हसणारा. सगळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी ट्रेमध्ये नव्हतं.

खोदकामाच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. आणि बाबा काय म्हणाले? "ट्रे माझ्या ताब्यात होता. दोष माझा." बस. 'मी घेतलं नाही' एवढंसुद्धा तोंडातून निघेना? त्या एका वाक्याने आमचं घर चोराचं घर झालं. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, कळतं मला. पण मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

९ सप्टेंबर

पाव आणायला गेले तर थानासिस त्याच्या कॉफीखान्याच्या दारातच बसलेला. "काय गं स्तमाता, पाटीचं काय झालं? तुमच्याकडे अजून त्याच खापरातून कॉफी पितात ना?" टेबलावरचे चारही म्हातारे खी खी हसले.

"हो, ये की एकदा," मी म्हटलं. "तुझ्याकडच्या गढूळ पाण्यापेक्षा बरी लागते."

घरी आले. आई रानभाजी निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं. "जाऊ दे गं. तुझ्या बापाला त्याचं काही वाटलं नाही कधी." नेहमीचंच. त्यांना वाटलं नाही. माझं ठरलेलं लग्न त्यापायी मोडलं, मला वाटलं ना!

१२ सप्टेंबर

कोठार नव्या इमारतीत हलवतायत. निवृत्त व्हायच्या आधी सगळी खोकी तपासून द्यायचं काम माझ्या गळ्यात. जुन्या खोक्यांतले नंबर मीच घातलेले. खापराच्या कोऱ्या बाजूला लाखेचा थेंब, तो सुकला की त्यावर पांढऱ्या शाईने चराचा आकडा. बाबांनीच शिकवलं – "रंगाची बाजू उन्हाला दाखवायची नाही. पालथं वाळत घाल, पाठीवर नंबर घाल." त्याच उन्हाळ्यात त्यांच्या हाताखाली लागले. शरदात इथे नोकरी मिळाली. तोवर ते घरी बसले होते.

बाकी कशाचा नाही, पण याचा मला गर्व आहे. एकतीस वर्षांत माझा एक नंबर चुकलेला नाही. मिर्सीनीसुद्धा हे कबूल करते.

१३ सप्टेंबर

अजून चाळीस खोकी. पाठीचे तुकडे पडले.

१५ सप्टेंबर

सापडलं.

सहाव्या चराचं खोकं. साधी काळी खापरं, कुणी ढुंकून बघत नाही असली. त्यातलं एक सहज उलटं केलं – आणि तो माझ्याकडे बघून हसला. दाढी, पान, सगळं. प्लास्टर काढून नाचणाऱ्याच्या मानेवर धरलं. केसाएवढीही फट नाही.

खूप रडले. मग शिव्या दिल्या, साहेबांना, थानासिसला, ज्याने कुणी मुद्दाम इथे दडवलं त्याला. मग पाठीवरचा नंबर वाचला. पांढऱ्या शाईतला सहा. लांब शेपटी, टोकाशी आत वळलेली. असा सहा म्युझियममध्ये दुसरं कुणी काढत नाही.

चौदा ऑगस्ट. दुसऱ्या दिवशी देवमातेचा सण, संध्याकाळीच चौकात नाच सुरू व्हायचा, आणि मला नवे सँडल घालून जायचं होतं. चौथ्याचा आणि सहाव्याचा ट्रे शेजारी शेजारी. सगळी खापरं पालथी, पाठीने सगळी सारखीच काळी. यातून उचल, त्यातून उचल, नंबर घाल, खोक्यात टाक. एकही उलटून पाहिलं नाही मी. नंतर साहेबांनी चौथ्या चराची खोकी उपसली. सहाव्याची कोण कशाला उपसतंय.

१६ सप्टेंबर

अ‍ॅसिटोनचा बोळा हातात घेऊन बसले होते. एकदा फिरवला की नंबर गेला. खोक्यामागे पडलेलं सापडलं, एवढंच सांगायचं. बाबांचं नाव पाटीवर आलं असतं आणि माझंही शाबूत राहिलं असतं.

बोळा तसाच वाळून गेला.

१७ सप्टेंबर

आईला सगळं सांगितलं. ती दचकली नाही. "तुझ्या बापाला त्याच संध्याकाळी कळलं होतं," म्हणाली. "नंबर तर तूच घालत होतीस. पण खोकी कुलपात गेलेली, आणि तोंड उघडलं असतं तर तुझं नाव निघालं असतं. मला म्हणाला, पोरीची नोकरी व्हायची आहे अजून. माझं काय, मी ऑलिव्हची झाडं झोडीन."

खापर नंबरसकट मिर्सीनीच्या टेबलावर ठेवून आले.