ठकीच्या पाठीवरचा चट्टा

अहो,

आत्याबाई पाण्याला गेल्यात तेवढ्यात लिवते. वाचून चुलीत घाला.

ठकीला घेऊन धनगरवाड्यातल्या साळूबाईसंगं मढे घाटानं कोकणात उतरते. डोंगर समुद्रात शिरतो तिथं ऊन पाण्याचं कुंड हाय, त्यानं चट्टे जातात म्हणे.

आत्याबाईंना सांगा, सून माहेरी गेली. त्यांना ती खरूज वाटते, वाटू द्या.

काल म्या तिच्या पाठीवरच्या चट्ट्यावर सुई टोचली. माझी बाय हसत खेळतच राहिली. त्या रोगाचं नाव माझ्यानं लिववत न्हाई. गावाला कळलं तर लेकराला वेशीबाहेर ठेवतील.

सुई पदराला लावून नेते. रोज ठकीला कुंडातनं बाहेर काढलं की टोचीन. ज्या दिवशी रडंल, त्याच दिवशी माघारी फिरंन.