तुझ्या वाट्याचं प्रकरण

प्रिय चिमणे,

मी आठवणींचं पुस्तक लिहितेय हे तुझ्या कानावर आलंच असेल. जन्मभर इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घातल्या, आता आयुष्याची घडी घालायला बसलेय, आणि ती काही केल्या बसत नाही. सूनबाई टाइप करते. ती म्हणाली, "आई, सरळ जन्मापासून लिहा." लिहिलं. तिसऱ्या पानावर तीच जांभया द्यायला लागली. मग घरांप्रमाणे लिहून पाहिलं, तर निम्मं पुस्तक गळक्या नळांनीच भरलं. शेवटी माणसांप्रमाणे लावलं. बाबा, आई, धुलाईखान्यातली ती तोंडाळ मुकादमीण, तुझे भावोजी, सगळे आपापल्या जागी गपगुमान बसले. तू तेवढी बसेनास.

तुझी दोन टोकं माझ्याकडे आहेत. एक, रात्री माझ्या पोटावर पाय टाकून झोपणारी तू. आणि दुसरी, लग्नाकार्यात मावशीच्या शेजारी पाहुणीसारखी ताठ बसलेली तू. मधलं काहीच नाही. सूनबाईने सरळ विचारलं, "तुमची धाकटी बहीण मधेच कुठे गेली?" तिला सांगितलं, तेच तुला सांगते. बाबा गेले तेव्हा तू पाच वर्षांची होतीस, मी नऊ. आईची शिलाईच्या कारखान्यातली नोकरी, तिच्यात तीन तोंडं भागेनात. मावशीला मूल नव्हतं. धाकटी लवकर रुळेल, असं मोठ्यांनी ठरवलं. तू दोन दिवसांसाठी निघाल्यासारखी हसत गेलीस. आई घरच्या शिलाई मशीनवरून उठलीसुद्धा नाही. तुझ्या लग्नात तू मला म्हणालीस, "तिने खिडकीतूनही पाहिलं नाही गं." मला खरं सांगता आलं नाही, कारण आईने गळ्याची शपथ घातली होती. आईच्या मागे ती शपथ मीच उगाच सांभाळत बसले.

त्या दिवशी आई तुझा फ्रॉक शिवत होती. मला नंतर म्हणाली, "उठले असते तर तिला सोडलंच नसतं." पोर रुळेपर्यंत भेटायला यायचं नाही, अशी मावशीची अट होती, आणि ते रुळणं वर्षानुवर्षं लांबतच गेलं. आईने तिच्यासमोर आपली एकच अट ठेवली, पोरीचे कपडे मी शिवणार. दर वाढदिवसाला मोठ्या दुकानातून आलेले म्हणून जे फ्रॉक तू मिरवलेस, ते आईने शिवले. माप कुठलं? मला समोर उभी करायची आणि विचारायची, "आता तुझ्या खांद्याला लागत असेल ना गं ती?" मी आपली ठोकून द्यायची, "हो, लागत असेल." मग अंदाजाने कापायची आणि आत भरपूर दाब ठेवायची, म्हणजे उसवून वाढवता यावं. मावशीचा निरोप यायचा, "बसला." त्या एका शब्दावर आई आठवडाभर गुणगुणत असायची. मावशीला बोल लावू नकोस. दुसरीचं लेकरू वाढवणारी बाई सतत धास्तावलेली असते, खरी आई डोळ्यांसमोर आली तर आपलं कोण राहील म्हणून.

हे छापायचं की नाही, मला ठरवता येईना. छापलं तर नव्वदीतल्या मावशीची फजिती, आणि गाळलं तर आई कायमची निर्दय. म्हणून मागच्या आठवड्यात तू कामावर असशील अशी वेळ साधून तुझ्या घरी मावशीलाच फोन केला. ती म्हणाली, "लिही. पण आधी तिला सांग. किती वर्षं सांगायचं म्हणतेय, माझ्या तोंडून निघत नाही. ती मला आई म्हणते ना गं." म्हणून हे पत्र. ते आज-उद्या येणार हे तिला ठाऊक आहे. आत्ता पलीकडच्या खोलीत ती तुझ्या पावलांकडे कान लावून बसली असेल. मला उत्तर सावकाश लिही, पुस्तक कुठे पळून जात नाही. आधी ऊठ, तिच्याजवळ जा, आणि रोज जी हाक मारतेस तीच मार.

तुझीच,
ताई