बाभई नाक्यावरचं कोपनहेगन

शनिवार, ३ मे १९८६

सोसायटीने सेंडऑफ दिला. शाल, श्रीफळ, गुच्छ. घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमधून परदेशी जाणारा मी पहिलाच. तळमजल्यावरच्या शांताबाईंचा मुलगा माणिक गेला होता म्हणा, पण तो बोटीवर खलाशी म्हणून, आणि कोपनहेगनला उतरला तो उतरलाच. मी कंपनीतर्फे ट्रेनिंगला चाललोय. फरक आहे.

भाषण उत्तम झालं. सुट्टीच्या दिवशी मी आणि वनमाला अख्खं कोपनहेगन पायी बघणार, टाउन हॉलपासून थेट समुद्रकाठच्या जलपरीच्या पुतळ्यापर्यंत, टॅक्सी नाही, बस नाही, हा प्लॅन सांगितला. शहर पायांना कळतं, हे वाक्य ऐनवेळी सुचलं. टाळ्या.

ऑर्डर अजून हातात नाही. मंगळवारी साहेबांची सही. फॉर्मॅलिटी.

खाली आल्यावर शांताबाईंनी लाडवांचा डबा आणि पत्त्याची चिठ्ठी हातात दिली. माणिकचं दोन वर्षांत पत्र नाही. त्यांची पत्रं मीच वाचून दाखवतो, मीच उत्तरं लिहितो, त्यामुळे मला माहीत आहे. बाकी काय नको, तेका बघून ये आणि कसो दिसता ता माका सांग, एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, काम झालं समजा.

मंगळवार, ६ मे

ऑर्डर निघाली. नाव आमच्याच खात्यातल्या चंद्रप्रकाशचं.

सर्व्हिस तीन वर्षं. माझी एकोणतीस. साहेब म्हणाले, नवी मशिनं आहेत, तरुण माणूस हवा. पुढच्या बॅचला माझा नक्की विचार होणार. पुढची बॅच कधी, हे मी विचारलं नाही. उतावीळपणा दिसतो.

वनमाला म्हणाली, सोसायटीत सरळ सांगून टाकू. मी विचारलं, शाल परत कशी करायची? घडी करून, म्हणाली.

तिला या गोष्टीची सामाजिक बाजू कळत नाही.

गुरुवार, ८ मे

चंद्रप्रकाश टेबलापाशी आला. तुमच्याकडचं कुणीतरी तिकडे आहे ना सर, काही द्यायचं असेल तर नेतो, म्हणाला. सहा आठवडे आहे म्हणे तिथे. मी म्हटलं, काही नाही, सुखाने जा.

घरी हे सांगायला नको होतं. वनमाला म्हणाली, अहो, डबा द्या ना त्याच्याकडे, त्या म्हातारीचा जीव अडकलाय. तिला शांतपणे समजावलं, की डबा दिला तर आपण गेलो नाही हे शांताबाईंना कळणार, शांताबाईंना कळलं म्हणजे चार मजल्यांना कळलं. तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. वारा होता.

सगळं ठरलं. वनमालाचा भाऊ लवू कुटुंब घेऊन कणकवलीला गेलाय. बोरिवलीच्या जागेची किल्ली आमच्याकडे, तुळशीला पाणी घालायला. आठ दिवसांची रजा मंजूर. शनिवारी सर्वांसमक्ष निघायचं, सहार विमानतळावर उतरायचं, टॅक्सी सोडून द्यायची, रिक्षा करून बोरिवली. आठ दिवसांनी परत. ट्रेनिंग किती दिवसांचं, हे भाषणात सांगितलेलंच नव्हतं. कुणाचं नुकसान? कुणाचंही नाही.

शनिवार, १० मे. दुपारी ४

सुखरूप पोचलो. हार तीन आले होते. शांताबाई टॅक्सीपर्यंत आल्या, डबा घेतला ना ते दोनदा बघून गेल्या.

रिक्षात वनमाला माझ्याकडे पाठ करून बाहेर बघत बसली. प्रवासाचा शीण.

रविवार, ११ मे

नियम केले.
१. लोक खोदून विचारणार. दोघांची उत्तरं जुळली पाहिजेत.
२. म्हणून कोपनहेगनचा दिवस प्रत्यक्ष पायी करायचा. पाठ केलेलं विसरतं, चाललेलं विसरत नाही.
३. आंबे बंद. तिकडे आंबे नाहीत, आणि हाताला वास राहतो.
४. दोघांनी स्वेटर घालायचे. वनमालाने मार्चपासून विणलेत, फुकट का घालवा? अंगाला थंड देशाची सवय दिसली पाहिजे.

कंपनीच्या ब्रोशरमध्ये नकाशा आहे. बाभई नाका म्हणजे टाउन हॉल. तिथून वझिरा म्हणजे मोटारींना बंदी असलेली बाजाराची गल्ली. गणपतीचं तळं म्हणजे राजवाड्याची बाग. गोराई खाडीचा धक्का म्हणजे जलपरी. अंतर दोन्हीकडे साधारण तीन किलोमीटर. अशी नजर दैवीच म्हणायची.

सोमवार, १२ मे

पहिली फेरी. सकाळी नऊला टाउन हॉलवरून कूच. मोटारबंद गल्लीत टेम्पोने वनमालाची पिशवी उडवली. बाराला राजवाड्यावर पहारा बदलतो, म्हणून तळ्याकाठी पावणेदोन तास उभे राहिलो. लोक स्वेटरकडे बघत होते. एका बाईने वनमालाला विचारलं, ताप आहे का गं?

प्रसिद्ध गोल मनोऱ्यासाठी लवूच्या बिल्डिंगचे चार मजले तीन वेळा चढलो. संध्याकाळी ब्रोशर नीट वाचलं. त्या मनोऱ्याला पायऱ्या नाहीत, गोल चढण आहे. वनमालाला सांगितलेलं नाही.

अंगावर घामोळं.

मंगळवार, १३ मे

डब्याला मुंग्या. लाडू पाण्याच्या ताटलीत ठेवले, तरी मुंग्या. अन्न वाया घालवणं आमच्या घरात बसत नाही. दोन खाल्ले.

बुधवार, १४ मे

चार. वनमालाने एकही घेतला नाही. गोड तिला पूर्वीपासून कमीच.

गुरुवार, १५ मे

दुसरी फेरी, थेट जलपरीपर्यंत. ऊन मी म्हणत होतं. आरशात बघितलं, दोघेही करपलोय. डेन्मार्कहून माणूस काळा होऊन येतो का? उत्तर तयार ठेवलं: उत्तरेकडे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. शास्त्रीय आहे.

धक्क्यावर वनमाला दगडावर बसली. अगदी ब्रोशरमधल्या जलपरीसारखी बैस, असं मी सुचवलं. ती खाडीकडे बघत राहिली आणि रडायला लागली. मला खरंच जायचं होतं हो, म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तुमच्याबरोबर कुठे असं नुसतं चालले नव्हते. स्वेटर विणताना रोज डोळ्यांपुढे आणायची, रस्त्याच्या कडेला बसून दोघं काहीतरी खातोय. तिथे चंद्रप्रकाशला पाठवलं यात तुमची काय चूक होती? ते सांगायला तुम्हाला लाज का वाटली?

शेजारी बसलेली कोळीण माझ्याकडे असं बघत होती, जसं मीच तिला मारलंय. मी म्हटलं, ऊन लागलंय तिला.

मला वाईट वाटलं. हे इथे लिहून ठेवतो. परतताना रिक्षा केली, नियमात नसताना.

शनिवार, १७ मे

तोंडी परीक्षा. वनमालाला टाउन हॉल, गल्ली, बाग, सगळं पाठ. बुद्धी आहे. फक्त माणिकचा आयटम म्हणायला तयार नाही.

आयटम असा: माणिक भेटला. जाडा झालाय. कामात असतो म्हणून पत्र नाही. लाडू आमच्यासमोर खाल्ला आणि डोळ्यांत पाणी आलं. इथवर ठीक होतं, पण पुराव्यादाखल काहीतरी भक्कम हवं, म्हणून भर घातली, की अख्खं कोपनहेगन त्यानेच आम्हाला पायी फिरवून दाखवलं. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच दिवसात बसतात.

वनमाला म्हणाली, नाही भेटला एवढं सांगा. तेवढं तरी खरं आहे. मी म्हटलं, मग म्हातारी रडेल. तुला चालेल?

डबा रिकामा. घासून ठेवला.

रविवार, १८ मे

आगमन. प्रचंड स्वागत. स्टेशनसमोर घेतलेली फॉरेनची चॉकलेटं वाटली. सूर्य मावळत नाही हे सर्वांना पटलं. घामोळ्याबद्दल कुणी विचारलं नाही, म्हणजे विचारलं, पण मी विषय बदलला.

शांताबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. गर्दी हटल्यावर पुढे आल्या. कसो आसा? मी आयटम सांगितला. काय रंगला म्हणून सांगू. माणिक पुढे आणि आम्ही मागे, त्याच्या पायाला वेगच असा की वनमालाला धाप लागली, असं आयत्या वेळी सुचलेलंही टाकलं. शांताबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग वनमालाच्या. वनमाला उठून आत गेली.

बुधवार, २१ मे

शांताबाईंनी बिल्डिंगभर पेढे वाटले. देवीला साडी नेसवून आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले, असं वनमालाला सांगत होत्या.

यालाच समाजसेवा म्हणतात. वनमालाला हे वाक्य ऐकवलं. तिने माझ्या पानात भात वाढला आणि आमटी वाढायची राहिली.

शुक्रवार, २३ मे

माणिकचं पत्र आलं.

शांताबाई नेहमीप्रमाणे न फोडता माझ्याकडे घेऊन आल्या. तुमी गेलास त्याबद्दल लिवला असतला, म्हणाल्या.

फोडलं. तारीख १० मे. कोपनहेगनच्या हॉस्पिटलमधून. फेब्रुवारीत गोदीत पाय मोडला, दोनदा ऑपरेशन, अजून पाय जमिनीला लावलेला नाही. वजन निम्मं झालंय. त्याआधी बोटीवरचं काम सुटलं होतं, त्याची लाज वाटली म्हणून पत्र लिहिलं नाही. तीन महिन्यांत मराठी शब्द कानावर पडला नाही. आई, लगेच दोन ओळी लिहवून पाठव, जूनअखेरपर्यंत मी इथेच आहे.

शांताबाई समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी वाचलं: मजेत आहे. सहदेवकाका आले, फार बरं वाटलं. लाडू छान होते.

पत्र माझ्याच खिशात राहिलं. सांभाळून ठेवायला बरं.

शनिवार, २४ मे

विचार केला. पत्र मीच लिहून टाकीन, शांताबाईंच्या नावाने, त्यांना न सांगता. त्याला आधार मिळेल, त्यांना त्रास नाही. सगळ्यांचं भलं. उद्या लिहीन. पेनमधली शाई संपलीय.

सदरा धुवायला टाकताना खिसा रिकामा करायचा राहिला.

रविवार, २५ मे. सकाळी ११

वनमालाने पत्र खाली नेऊन जसंच्या तसं वाचून दाखवलं. मग बोरिवली, स्वेटर, धक्का, सगळं. मी अर्धा तास जिन्यात कान देऊन उभा होतो.

नंतर दोघी वर आल्या. शांताबाई शिव्या घालतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. लागली नाहीत. त्यांनी समोर इनलंड पत्र ठेवलं. मी म्हटलं, हे तिकडे जात नाही, एअरोग्राम लागतो. वनमालाने पिशवीतून दोन एअरोग्राम काढले. सकाळीच पोस्टमन मामांच्या घरून आणले म्हणाली. मी सुचवलं, आता वनमालाच लिहील. शांताबाई म्हणाल्या, तुझा अक्षर बरा आसा, तूच लिव.

पहिलं पत्र चंद्रप्रकाशला, कंपनीच्या तिकडच्या पत्त्यावर. मजकूर वनमालाने सांगितला. कृपा करून या हॉस्पिटलमध्ये जाऊन माणिकला भेट, बसून मराठीत बोल. खाली 'आपला नम्र' लिहायला लावलं. तीन वर्षं सर्व्हिस.

दुसरं माणिकला. शांताबाई सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. काम गेला त्याची लाज कसली, झिला. पाय बरो होयसर उठू नको. मग म्हणाल्या, लिव, तुझ्यासाठी लाडू धाडलेले, ते पोचाक नाय, सहदेवान खाल्ल्यान. मी थांबलो. 'प्रवासात खराब झाले' असं लिहिलं तर वाचायला बरं, एवढंच म्हटलं. वनमालाने एअरोग्राम पुन्हा माझ्यापुढे सरकवला. लिहिलं.

पत्र संपल्यावर ते मोठ्याने वाचून दाखवायची आमची पद्धत आहे. वाचलं. लाडवांच्या ओळीला आवाज थोडा बसला. शांताबाई म्हणाल्या, ह्या नीट ऐकाक येवक नाय.

पुन्हा वाचलं.