सीटची उंची

९ जून
ती. वहिनींना सा. न. वि. वि.
दादा गेल्यापासून जिन्याखाली उभी असलेली त्याची रेसिंग सायकल आता सुटी होऊन माझ्या टेबलावर आहे. रंग खरवडला, गंज काढला. पोलाद ठणठणीत आहे. अडकला होता तो सीटचा दांडा. ॲल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत वर्षानुवर्षं हलवला नाही, तर तिथेच धरून बसतो. आणि दादा आपल्या सायकलवर दुसऱ्या कुणाला बसू देईल तर ना! तेल पाजलं, पिळून पाहिलं. शेवटी करवतीचं पातं आत घालून उभा चिरला. फ्रेमला ओरखडाही नाही, याचा थोडा गर्व झाला.
नवा दांडा आणलाय. बापाची सायकल आता चिमी चालवणार, तिच्या पायाचं माप कळवा.
लोभ आहेच, तो राहू द्या.
तुमचा धाकटा दीर

१० जून
प्रिय भाऊजी, अ. आ.
तुमचं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते. आमचा टेबलफॅन ‘लगेच देतो’ म्हणून नेलात, त्याला दोन उन्हाळे झाले. सायकलचं तसं करू नका. चिमीचं कॉलेज सुरू होतंय.
एक सांगायचं राहिलं. रंग कुठलाही द्या, पण सीट हलवू नका. ह्यांनी ठेवली होती तेवढीच असू द्या. चिमी म्हणते, पाय पुरेपर्यंत उभ्यानं चालवीन. ह्यांचे कपडे मी देऊन टाकले, खाट हलवली. ह्यांनी ठेवलं तसं राहिलेलं एवढंच आहे. वेडेपणा म्हणा हवं तर.
माया असू द्या.
तुमची वहिनी

१५ जून
ती. वहिनींना सा. न. वि. वि.
आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं वाचून तुम्हाला कळलंच असेल. वहिनी, दांडा चिरण्याआधी मी सीटचं माप घेतलं नव्हतं. साधी खूणही केली नाही, आणि जुन्या दांड्याचे तुकडे त्याच दिवशी भंगारात गेले.
काल नवा दांडा घालून सीट आठवणीवरून वर केली. मग खाली. पुन्हा वर. ‘होती तशीच आहे’ असं लिहून पाठवणारही होतो. तुम्हाला कळलं नसतं. तो कागद फाडला. प्रामाणिकपणानं फाडला की पकडलं जायच्या भीतीनं, हे माझं मलाच ठरवता येत नाही. एखादा फोटो असेल तर अंदाज काढतो.
क्षमा मागायला तोंड नाही. तरी लोभ तोडू नका.
धाकटा

२० जून
प्रिय भाऊजी, अ. आ.
रागावले होते. चिमीनं काकाची बाजू घेतली, तर तिच्यावरही ओरडले.
फोटो मिळाला, पण त्यात हे सीटवर बसलेले, सदऱ्यानं दांडा झाकलेला. उंची काय कळणार? मग जिन्याखाली जाऊन हातानं दाखवून पाहिलं, कुठवर यायची ती. कमरेशी? जरा वर? रोज सायकलला वळसा घालून जात होते, आणि मलाही सांगता येईना. तुमच्या करवतीपेक्षा हेच जास्त लागलं.
अंदाजानं लावू नका. तुम्ही कुठेतरी लावाल, आणि महिन्याभरात मी तीच ह्यांची समजून हात फिरवत बसेन. मग खरी गेली, हेसुद्धा माझ्याजवळ उरणार नाही.
आज चिमीला भिंतीशी उभं करून पायाचं माप घेतलं. दोरा पाकिटात आहे. तेवढीच ठेवा.
राग ओसरेल. येत जा.
तुमची वहिनी