कड्यावरची तांबडी चित्रं

माझ्या आईला, ज्ञानेश्वरीचा लांबूनच पाया पडून नमस्कार.

इकडं टेक्सासात माझं बरं चाललंय. आप्पांचा खोकला थांबला का? शेवंती तोडणीला आली का?

आज ह्यांनी मला मित्रांबरोबर गुरांच्या एका रँचवर आणलं. इथं कड्यावर चार हजार वर्षांपूर्वीची तांबडी चित्रं हायेत, हरणांची आन् हाताच्या पंजांची. लई सुंदर हायेत.

उतरताना माझा पाय मुरगळला. ह्यांनी हसत मोबाईलवर शूटिंग केलं. मित्रांना म्हणाले, "म्हैस घसरली! येईल आपली आपण." आन् पाण्याची बाटली घेऊन वर गेले. गाडीत एसी लावून बसलेत.

तासाभरानं चित्रं दाखवणारी म्हातारी, मार्था, खाली आली. तिनं पाणी पाजलं. दंडावरचे जुने वळ बघून म्हणाली, "घरी लिही. मी टपालात टाकते." माझा फोन ह्यांच्याकडंच असतो, म्हणून तिच्या वहीच्या कागदावर लिहितेय.

आपल्या घरच्या कपाटात माझ्या पासपोर्टची झेरॉक्स हाय; खरा पासपोर्ट ह्यांनी ठेवून घेतलाय. ती पाकिटावरच्या मार्थाच्या पत्त्यावर पाठव. ह्यांचा फोन आला तर पत्राचं बोलू नको.

आई, या वेळी सांभाळून घे म्हणू नको. मला घरी यायचंय.

तुझीच,
ज्ञानू