गोळी चालूच

४ मार्च
डाव्या कुशीवर वळले आणि छत गरगर फिरायला लागलं. पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. शेजारी हे मात्र खुशाल घोरत होते!

५ मार्च
डॉक्टरबाई म्हणाल्या, कानातले बारीक कण जागचे हललेत. आडवं करून डोकं असं वळवलं, तसं वळवलं — कण परत जागेवर! उरलेल्या गरगरीसाठी छोटी पांढरी गोळी, सकाळ-संध्याकाळ. चिठ्ठी ह्यांनी झडप घालून घेतली. पस्तीस वर्षं कंपाउंडर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घरातच पेशंट मिळाला म्हणून चेहरा नुसता खुलला.

२० मार्च
गरगर गेली. पण चालताना तोल जातो, पाय कापसावर पडल्यासारखे. हे आठाच्या ठोक्याला हजर, एका हातात पाणी, दुसऱ्यात गोळी. "औषध अर्धवट सोडायचं नसतं." कुणी इतकी काळजी घ्यावी आपली! सुख वाटतं, खोटं कशाला बोलू.

११ एप्रिल
डोळ्यांवर सारखी झापड. मशीनवर बसल्या बसल्या पेंगले, बाही उलटी जोडली. हे पोट धरून हसले, मग स्वतःच उसवून दिली.

६ मे
माझा शिवणवर्ग जूनच्या मध्याला उघडतो. खोली वरच्या मजल्यावर, एकवीस पायऱ्या, कठडा डुगडुगता. वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या बाईंचा फोन — "जमत नसेल तर दुसरी शिक्षिका बघू का?" सतरा वर्षं शिकवतेय मी! जेवण गेलं नाही.

२७ मे
डॉक्टरबाईंनी पुन्हा आडवं केलं, मान दोन्हीकडे वळवली. काहीच फिरलं नाही. "चक्कर केव्हाच बरी झालीय." मग तोल का जातो? "गोळ्या कुठल्या घेताय?" सांगितलं. त्या बघतच राहिल्या. "अहो, ती पाच दिवसांची होती! चिठ्ठीवर लिहिलंय. इतके दिवस घेतलीत तर तोल जाणारच, झोपही येणार."

बरोबर आलेल्या ह्यांचा चेहरा पांढराफटक. मी पटकन म्हटलं, "हे नको म्हणत होते. मीच हट्टाने घेत राहिले." मग काय, चांगली बोलणी खाल्ली!

गोळी हळूहळू कमी करत बंद करायची. रोज चालायचं.

९ जून
गोळी बंद. डोकं स्वच्छ. बाजारातून एकटी आले!

१६ जून
एकवीस पायऱ्या, कठड्याला हात न लावता! मुलींनी टाळ्या वाजवल्या. दिवसभर उगाच हसत होते.

१७ जून
हे आपणहून बोलले. "पाच दिवस लिहिलेलं वाचलं होतं गं मी. पण थोडा तोल जात होता तुझा, म्हटलं चालू ठेवू. आणि खरं सांगू? निवृत्त झाल्यापासून माझी वाट कुणी पाहिलीच नव्हती."

इतका राग आला की तासभर खडाखडा मशीन चालवत बसले. मग म्हटलं, "उद्या वर्गात चला. बटणं लावायला माणूस कमी पडतोय."