'अहो'ने ओ दिली

तीर्थरूप आईस,

वाकून नमस्कार. मी बरी आहे, खोकलाही जवळजवळ गेला. तुझा गुडघा काय म्हणतोय?

तुझं घर आणि माझी खोली आता व्हीपीएनने जोडली, म्हणजे इंटरनेटमध्ये आपल्यापुरती एक खासगी वाट केली. त्या वाटेवरच्या पत्त्यांचे आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून प्रत्येक यंत्राला नाव दिलं. माझा लॅपटॉप 'धाकटी'. बाबांच्या कॉम्प्युटरला त्यांचंच नाव देणार होते, पण तू ते कधी तोंडाने घेतलं नाहीस. म्हणून 'अहो' ठेवलं.

काल इथून, 'धाकटी'वरून, 'अहो'ला हाक मारून पाहिली, म्हणजे तो चालू आहे का ते विचारणारा छोटा संदेश पाठवला. लगेच ओ आली. मग उगाचच आणखी दोनदा मारली.

बाबा गेले, आता तो कॉम्प्युटर कशाला, विकून टाकू का, असं तू विचारलंस. नको गं. त्या घरात 'अहो' म्हटल्यावर ओ देणारं कुणीतरी असू दे.

तुझी,
धाकटी